निर्देशांकाबाहेरचा कामगार

महागाई भत्ता हा शब्द आज इतका अंगवळणी पडला आहे, की तो भांडून मिळवावा लागला याचे विस्मरण होते. दुसरे महायुद्ध सुरू होताच धान्यकापडाचे भाव कडाडले आणि १९४० च्या मार्चमध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांनी याच भत्त्यासाठी संप पुकारला. पुढे राहणीखर्चाचा निर्देशांक चढला की भत्ताही चढावा, हे तत्त्व रुळले. आम्ही चळवळीतली माणसे यास मोठा विजय मानतो, आणि तो आहेच. परंतु त्यात एक गोम आहे. निर्देशांकाला जोडावयास आधी पगार असावा लागतो.

पुण्याच्या नाना पेठेत, भवानी पेठेत भुसाराची पोती वाहणाऱ्या हमालास पगार कोठला? पोत्यामागे हमाली, मालक अनेक, म्हणजे वस्तुतः कोणीच नाही. ज्याला एक मालक नाही त्याने संप करावा तरी कोणाविरुद्ध? अशा माणसांची हमाल पंचायत डॉ. बाबा आढाव यांनी १९५५ च्या सुमारास उभी केली. १९६९ च्या माथाडी कायद्याने या प्रश्नावर मोठी नामी तोड काढली. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावरील लेव्ही मंडळाकडे भरावी. मंडळाने हमालास मजुरी द्यावी व लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, रजा, बोनस यांची तजवीज करावी. मंडळ जणू मालक झाले! मात्र कायदा झाला म्हणजे मंडळ झाले असे नव्हे. त्यासाठी गावोगावी मागणी लावून धरावी लागली.

इतक्यात १९७२ चा दुष्काळ आला, पाठोपाठ तेल भडकले. १९७३-७४ या एका वर्षात घाऊक भाव सुमारे वीस टक्के चढले. १९७४ च्या मे महिन्यात रेल्वे कामगारांचा संप मोडून काढण्यात आला, आणि जुलैत केंद्र सरकारने वटहुकूम काढून वाढीव महागाई भत्त्याचा निम्मा भाग सक्तीच्या ठेवीत अडकवला. कामगाराच्या हाती पैसा खेळला की भाव वाढतात, हे त्यामागचे शास्त्र! साठेबाजाच्या कोठारास हे शास्त्र लागू नसावे.

हमालाचा भत्ता अडकवणार कोठून, तो नव्हताच. त्याच १९७४ साली पंचायतीने पुण्यात ‘कष्टाची भाकर’ सुरू केली. गावाकडचे कुटुंब मागे ठेवून आलेला हमाल खाणावळीवर जगे. मजुरी भावांच्या मागे धावून दमत असेल, तर ताटाची किंमत तरी आपल्या हाती घ्यावी, हा हिशेब. ना नफा ना तोटा. यास धर्मादाय म्हणता येणार नाही. धर्मादायात देणारा निराळा, घेणारा निराळा. येथे चूल हमालांच्याच पंचायतीची होती, आणि तिच्यावरची भाकरी हमालाखेरीज इतरही कष्टकरी पैसे मोजून खात.