खैरा : रोग पानावर, कारण मातीत



नोकरीत असताना बरेलीहून राणीखेतला जाताना आमचा ताफा किच्छा-हल्द्वानीच्या सपाटीतून जायचा. दोन्ही बाजूंना भातशेती, आणि मध्येच पाटी दिसायची : पंतनगर. तेव्हा ती माझ्यासाठी नकाशावरची एक खूण होती. निवृत्तीनंतर वाचायला वेळ मिळाला, तेव्हा कळलं की त्या शेतांमध्ये एक वेगळीच लढाई झाली होती. आज तिची गोष्ट.

हा भाग म्हणजे तराई. हिमालयाच्या पायथ्याची दलदल, पुरुषभर उंच गवत आणि मलेरिया. थारू आणि बुक्सा लोक इथे पूर्वीपासून राहत होते. बाहेरचा माणूस सहसा टिकत नसे. स्वातंत्र्याच्या सुमारास जंगल तोडून, डीडीटी फवारून वसाहती उभ्या राहिल्या. जमिनी मिळाल्या त्या माजी सैनिकांना आणि फाळणीत घरदार गमावलेल्या कुटुंबांना. याच मातीत १७ नोव्हेंबर १९६० रोजी पंडित नेहरूंनी देशातल्या पहिल्या कृषी विद्यापीठाचं उद्घाटन केलं. मदत अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाची. कल्पना साधी होती : शिकवणं, संशोधन आणि शेतकऱ्याच्या बांधापर्यंत जाणं, ही तिन्ही कामं एकाच संस्थेनं करायची.

या कल्पनेची परीक्षा लवकरच झाली. लावणीनंतर दोन-तीन आठवड्यांत भाताची वाढ खुंटायची, खालच्या पानांवर तांबूस-तपकिरी ठिपके पडायचे आणि शेत गंजल्यासारखं दिसायचं. रंग काताचा, म्हणून नाव पडलं ‘खैरा’. ज्यानं घर सोडून नव्या मुलखात पहिली पिकं घेतली, त्याच्यासाठी एक हंगाम बुडणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

पानावर ठिपके म्हटले की संशय बुरशीवर किंवा विषाणूवर जातो. विद्यापीठातले डॉ. यशवंत नेने हे वनस्पतिरोगतज्ज्ञ. म्हणजे जंतू शोधणं हाच त्यांचा पेशा. पण शत्रू आपल्या ओळखीचाच असेल असं गृहीत धरणं, ही फौजेत सर्वांत महागात पडणारी चूक. नेने त्या चुकीत अडकले नाहीत. १९६६ साली त्यांनी दाखवून दिलं की खैऱ्याचं मूळ जंतूत नाही, जस्ताच्या कमतरतेत आहे. भाताच्या शेतातल्या जस्ताच्या कमतरतेची ही जगातली पहिली नोंद मानली जाते.

आता गंमत बघा. जस्त पिकाला लागतं अगदी कणभर. मातीत ते असतंही, पण चुनखडीच्या, अल्कधर्मी जमिनीत ते अडकून बसतं. शेतात पाणी तुंबलं की मुळांना आणखीच कमी मिळतं. म्हणजे कोठारात रसद आहे, पण खंदकातल्या जवानापर्यंत पोहोचत नाही!

उपाय स्वस्त निघाला. हेक्टरी पाच किलो झिंक सल्फेट आणि अडीच किलो विरवलेला चुना, हजार लिटर पाण्यात मिसळून फवारायचा. चुना एवढ्यासाठी, की नुसत्या झिंक सल्फेटनं पानं करपू नयेत. बुरशीनाशकं फवारत बसले असते, तर पैसाही गेला असता आणि पीकही.

या इतिहासातून मी एकच गोष्ट घेतली. वनस्पतिशास्त्र आणि मृदाशास्त्र ही विद्यापीठात दोन दारं असतील. शेतात एकच दार आहे. २०१५ पासून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा गोष्टी तपासतात आणि त्यांत जस्तही आहे. ती पत्रिका तुमच्या किंवा गावाकडच्या भावाच्या घरात नुसती पडून असेल, तर आज बाहेर काढा. औषधाच्या दुकानात जाण्याआधी ती वाचा.