एल्फिन्स्टन हायस्कूल : एका सार्वजनिक विद्यालयाची कथा

वाचकहो, सरकारी विद्यालय कसे उदयास येते व त्याच्या छायेत लोकसमाज कसा घडतो, हे ज्यांस पाहावयाचे असेल त्यांस मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलाइतके बोधप्रद उदाहरण क्वचितच सापडेल.

इ. स. 1827 मध्ये गव्हर्नर मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन निवृत्त झाले. त्यांच्या स्मरणार्थ मुंबईकरांनी दोन लाखांवर रुपये वर्गणी जमविली. आणि तिचा विनियोग, पुतळ्यापेक्षाही चिरकाल टिकेल अशा विद्यादानाकडे केला. त्यातूनच एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन जन्मास आले. ‘दर्पण’कर्ते बाळशास्त्री जांभेकर तेथे 1834 पासून अध्यापन करीत. पुढे 1856 मध्ये कॉलेज व हायस्कूल विभक्त झाले.

या संस्थेचा खरा महिमा मात्र वर्गाबाहेर प्रकट झाला. 1848 साली तेथील विद्यार्थ्यांनी व अध्यापकांनी ज्ञानप्रसारार्थ एक सभा स्थापिली. निबंध वाचून व वादविवाद करूनच हे तरुण संतुष्ट राहिले नाहीत. जे ज्ञान आपणांस लाभले ते आपल्या भगिनींस का लाभू नये, असा प्रश्न त्यांस पडला. आणि 1849 मध्ये त्यांनी मराठी व पारशी मुलींसाठी शाळा उघडल्या. दारोदार जाऊन पालकांचे मन वळवावे, अपशब्द सोसावे व विनावेतन शिकवावे, असा हा उद्योग होता. त्यांत तरुण दादाभाई नौरोजी अग्रभागी होते. नाना शंकरशेट यांचे साहाय्यही त्यांस लाभले.

मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा 1859 साली झाली. तींत उत्तीर्ण झालेल्या 21 जणांत महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे होते. आणि दोघांचाही विद्याभ्यास याच एल्फिन्स्टनच्या परिवारात झाला होता.

येथवरची कथा गौरवाची होय. परंतु इतिहासलेखकाने केवळ गौरवच सांगावा हे सत्यास धरून नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी परळच्या चाळीतून एक महार विद्यार्थी या हायस्कुलात येऊ लागला. शाळा सरकारी, म्हणून तिचे दार त्यास बंद नव्हते. परंतु एके दिवशी शिक्षकांनी त्यास गणित सोडविण्यास फळ्याकडे बोलाविताच वर्गात एकच गलबला झाला. फळ्यामागे ठेवलेले आपले फराळाचे डबे विटाळतील या भयाने सवर्ण मुलांनी धाव घेऊन ते दूर केले, आणि मगच त्या मुलाचा हात फळ्यास लागला. संस्कृत शिकण्याची त्याची इच्छाही अपुरी राहिली. त्यास फारसी घ्यावी लागली.

तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. 1907 साली तो मॅट्रिक झाला, तेव्हा सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्कारसभा भरली व कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकाने स्वतः रचलेले बुद्धचरित्र त्यास भेट दिले. पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती मिळवून देण्यातही केळुसकर गुरुजींचाच हात होता. शाळेच्या चार भिंतींत जे ममत्व दुर्लभ झाले, ते बाहेरच्या एका शिक्षकाने दिले.

तात्पर्य हेच की, कायद्याने दार उघडते. मन उघडण्यास मनुष्यच पुढे यावा लागतो. 1849 चे तरुण पुढे आले, म्हणून मुलींस अक्षरे लाभली. फळ्यापुढे उभ्या राहिलेल्या त्या मुलासाठी वर्गातील एकाने जरी आपला डबा तेथेच राहू दिला असता, तर या विद्यालयाची कीर्ती आणखी उजळ झाली असती. आपल्या शाळांतील बाकांकडे पाहताना हा विचार आपण प्रत्येकाने करावा.