यूका, ज्वर आणि दाटी : नाशिकच्या शोधापासून भिवंडीपर्यंत

उवांचा प्रादुर्भाव हा विषय इतिहासाच्या अभ्यासकास क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. तह, लढाया आणि राजवटी यांच्या पंक्तीस उवेला बसविणे अनेकांस औचित्यभंगाचेही वाटेल. तथापि दुष्काळात स्थलांतर करणारा समाज, त्याची वस्त्रे, त्याच्या निजण्याच्या जागा आणि त्याच्याविषयी इतरांनी बाळगलेली मते यांचा इतिहास लिहावयाचा झाल्यास या कीटकास वगळून चालत नाही. पश्चिम भारताच्या बाबतीत तर हे विशेषच खरे आहे. कारण उवेचा आणि साथीच्या ज्वराचा संबंध दाखविणारे एक महत्त्वाचे निरीक्षण नाशिक येथे झाले.

आपल्या प्राचीन वाङ्मयास ऊ अपरिचित नव्हती. कौटिलीय अर्थशास्त्रातील मापनपद्धतीत आठ लिक्षांची एक यूका, आठ यूकांचा एक यवमध्य आणि आठ यवमध्यांचे एक अंगुल असे कोष्टक आहे. लीख आणि ऊ ही मापे म्हणून वापरली जावीत, इतका त्यांचा परिचय सार्वत्रिक होता. चरकसंहितेच्या विमानस्थानात बाह्य मलापासून होणाऱ्या कृमींमध्ये यूकांची गणना असून केस, दाढी, पापण्या आणि वस्त्रे ही त्यांची स्थाने सांगितली आहेत. त्यांचे कारण म्हणून अस्वच्छतेचा निर्देश आहे आणि उपायांत कृमी उपटून काढण्यास स्थान आहे. येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. वस्त्रांचा उल्लेख हे सूक्ष्म निरीक्षणाचे द्योतक आहे. परंतु कारणाचा सर्व भार व्यक्तीच्या स्वच्छतेवर टाकण्याची जी प्रवृत्ती पुढे दृढ झाली, तिचे बीजही येथेच दिसते.

१८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खनच्या जिल्ह्यांतून अन्नार्थी लोकांचे लोंढे मुंबईकडे वळले. १८७७ साली त्या शहरात उलटून येणाऱ्या ज्वराची साथ पसरली. काही दिवस तीव्र ताप, मग उतार आणि आठवड्याभराने पुन्हा ताप, असा या रोगाचा क्रम असे. ग्रँट मेडिकल कॉलेजशी संबंधित असलेले हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांनी रुग्णांच्या रक्तात मळसूत्राकार जंतू पाहिले. असे जंतू बर्लिनमध्ये ओबरमायर यांनी आधीच पाहिले होते व १८७३ साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले होते. कार्टर यांचा या ज्वरावरील ग्रंथ १८८२ साली निघाला. जंतू सापडला; परंतु तो एका देहातून दुसऱ्या देहात कसा जातो, हा प्रश्न अनुत्तरितच राहिला. ज्वर दुष्काळाच्या मागोमाग येतो एवढे दिसत होते, म्हणून उपासमार हेच त्याचे कारण मानण्याकडे अनेकांचा कल होता.

या प्रश्नास १९०७ साली एफ. पी. मॅकी यांनी निराळी दिशा दिली. प्लेगच्या संशोधनात गुंतलेल्या या लष्करी वैद्यकाने, जे पुढे हाफकिन संस्थेचे संचालक झाले, नाशिक येथील एका मिशन वसाहतीतील साथीचा अभ्यास केला. तेथे मुलगे व मुली स्वतंत्र राहत असत. मुलग्यांत ज्वराने कहर केला. मुलींत मात्र त्याचे प्रमाण पुष्कळच कमी होते. फरक होता तो अंगावरील उवांचा. मुलग्यांच्या कपड्यांत त्या विपुल होत्या, मुलींच्या कपड्यांत थोड्या. मुलग्यांतील उवा घटल्या तशी साथही ओसरली, आणि मुलींत उवा वाढल्या तसा ज्वरही वाढला. उवांच्या पोटात ज्वराचे जंतूही आढळले. दोन्ही गटांची वसाहत एकच असता रोगाचे प्रमाण उवांच्या प्रमाणाबरोबर बदलावे, हाच या अभ्यासाचा गाभा होय.

पुढील दुवा उत्तर आफ्रिकेत सापडला. निकोल व त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्यूनिस येथे दाखविले की, ऊ चावल्याने हा ज्वर होत नाही. ऊ चिरडली जाऊन तिच्यातील जंतू खरचटलेल्या त्वचेत शिरल्याने तो होतो. ऊ दोन नखांत चिरडण्याची घरोघरची रीत त्या काळी किती धोक्याची ठरली असेल, हे यावरून ध्यानात येईल.

येथे एक भेद स्पष्ट करणे अवश्य आहे. ज्वर वाहणारी ऊ ही कपड्यांच्या शिवणीत राहणारी अंगावरील ऊ होय. डोक्यातील ऊ तिची निकटची नातलग असली, तरी सामान्यतः ती असा रोग पसरवीत नाही. ती उडत नाही, उडी मारीत नाही. केसांस केस लागले म्हणजेच ती प्रामुख्याने एका डोक्यावरून दुसऱ्यावर जाते. डोक्यापासून दूर झाल्यास ती एकदोन दिवसांत मरते. स्वच्छ धुतलेल्या केसांतही ती तितक्याच सुखाने नांदते. म्हणजे अंगावरील उवेच्या बाबतीत कपडे बदलण्याची व धुण्याची सोय निर्णायक, तर डोक्यातील उवेच्या बाबतीत निकट सहवास निर्णायक होय. दोन्ही ठिकाणी दोष स्वभावाचा नसून परिस्थितीचा आहे.

या विवेचनाचा भिवंडीशी संबंध पोचतो. नाशिकहून मुंबईस येणारा आग्रा मार्ग या गावाजवळून जातो. उत्तरेकडून आलेल्या विणकरांनी येथे हातमाग रुजविले आणि विसाव्या शतकात यंत्रमागांनी गावाचे रूप पालटले. उत्तर प्रदेश, बिहार व तेलंगण येथून येणारे कामगार एकेका खोलीत अनेकजण राहतात. एका पाळीचा माणूस उठला की त्याच जागी दुसऱ्या पाळीचा निजतो. जे गाव देशाला कापड पुरविते, त्यातील मजुराजवळ बदलावयास पुरेसे कपडे व ते धुण्यास पुरेसे पाणी आहे काय, हा प्रश्न नाशिकच्या शोधाने आधीच विचारून ठेवला आहे.

उपायांचा इतिहासही बोधप्रद आहे. करंजाचे तेल व बारीक दात्यांची फणी ही जुनी साधने. सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यांस इजा करते आणि रॉकेलने भाजण्याचे भय असते, म्हणून ती दोन्ही त्याज्य होत. १९४३-४४ मध्ये नेपल्स येथील प्रलापक सन्निपात ज्वराच्या साथीत डी. डी. टी. ने यश मिळविले. पण कोरियातील युद्धाच्या वेळीच त्यास न जुमानणाऱ्या उवा आढळल्या. आज डोक्यातील उवांसाठी पर्मेथ्रिन वापरतात. त्याने लिखा हमखास मरत नाहीत व त्या सात ते दहा दिवसांत फुटतात, म्हणून तितक्याच अंतराने औषध पुन्हा लावावे लागते. ओल्या केसांतून फणी फिरविण्याचा क्रम दोन आठवडे चालवावा लागतो आणि घरातील सर्वांची डोकी एकाच वेळी तपासावी लागतात. एकट्या मुलीचे केस कापून किंवा तिला वर्गाबाहेर बसवून काहीच साधत नाही.

नाशिकच्या मुलग्यांत आणि मुलींत फरक होता तो वस्त्रांतील उवांचा, चारित्र्याचा नव्हे. उवांच्या इतिहासातून घ्यावयाचा मुख्य निष्कर्ष हाच होय.