विचारी माणसाला लागत नाही का?

शिक्षकांच्या खोलीत मुलांची वर्गवारी चटकन होते. एक ‘फार हळवा’, तर दुसरी ‘विचारी, तिला काही लागत नाही’. विचारप्रधान आणि भावनाप्रधान ही विभागणी व्यक्तिमत्त्व-चाचण्यांतूनही आपल्याला भेटते. तिचा उगम मात्र एका तुटलेल्या मैत्रीच्या काळातला आहे.

१९०७ साली स्वित्झर्लंडमधील तरुण मनोविकारतज्ज्ञ कार्ल युंग व्हिएन्नात सिग्मंड फ्रॉइडला भेटला. त्याच्याहून १९ वर्षांनी मोठ्या असलेल्या फ्रॉइडने पुढे त्याला आपला वारस मानले. पण मतभेद वाढत गेले. जानेवारी १९१३ मध्ये फ्रॉइडने पत्राने वैयक्तिक संबंध थांबवण्याचे सुचवले आणि युंगने ते मान्य केले. त्याच वर्षी सप्टेंबरात म्युनिचच्या परिषदेत दोघे अखेरचे समोरासमोर आले. तेथे युंगने निबंध वाचला तो माणसांच्या मानसिक प्रकारांवर! आपण फ्रॉइडहून वेगळे का, या प्रश्नाचा त्याने घेतलेला शोध १९२१ मध्ये ग्रंथरूपाने आला.

या ग्रंथात युंग सांगतो की, विचार खरे-खोटे तपासतो, तर भावना एखाद्या गोष्टीचे आपल्या लेखी मोल काय ते ठरवते. दोन्ही निवाडा करण्याच्याच रीती. म्हणून दोन्ही त्याने विवेकी मानल्या. कोणाला दुःख होते आणि कोणाला होत नाही, याची ही विभागणी नव्हेच.

खुद्द युंग स्वतःला विचारप्रधान समजे. ताटातुटीचे कारण त्याने सिद्धान्तात शोधले, असे म्हणता येईल. पण तेवढ्याने भागले नाही. तो कित्येक वर्षे आतून हादरलेला होता. १९१४ मध्ये त्याने झुरिक विद्यापीठातील अध्यापन सोडले. तो सरोवराकाठी दगडांची छोटी घरे रची, मनात उठणारी चित्रे लिहून ठेवी. त्यांतून तयार झालेली मोठी वही २००९ मध्ये प्रसिद्ध झाली.

अमेरिकेत कॅथरीन ब्रिग्ज व तिची मुलगी इझाबेल मायर्स यांनी युंगच्या कल्पनांवरून प्रश्नावली बेतली. तिच्या गुणांत मात्र दोन स्वच्छ गट दिसत नाहीत. बरेच लोक मधोमध येतात आणि काही आठवड्यांनी पुन्हा चाचणी दिल्यास अनेकांचा प्रकार बदलतो.

१९९० च्या दशकात जेम्स ग्रॉस व रॉबर्ट लेव्हन्सन यांनी काही जणांना किळसवाणी चित्रफीत दाखवली आणि त्यांतल्या काहींना चेहऱ्यावर काहीच दिसू न देण्यास सांगितले. त्यांचे चेहरे शांत राहिले, पण किळस कमी झाली नाही. उलट त्वचेवरील घामासारख्या ताणाच्या काही खुणा वाढल्या.

म्हणजे शांत चेहरा हा न दुखावल्याचा पुरावा नव्हे. अपमान झालेले एक मूल रडेल, दुसरे ‘चूक कोणाची?’ यावर वाद घालेल. दोघांनाही दोन प्रश्न विचारावेत: ‘काय घडलं?’ आणि ‘तुला काय वाटलं?’ सुरुवात कुठून करायची, ते मुलावर सोडावे. पण दुसरा प्रश्न कोणाच्याही बाबतीत गाळू नये.