फडाची वाट कोणत्या गावावरून जाते

गुढीपाडवा जवळ आला की नारायणगावात तमाशाच्या राहुट्या उभ्या राहतात. प्रत्येक राहुटीवर फडाच्या नावाचा मोठा फलक, आत बैठक, बैठकीवर मॅनेजर आणि त्याच्यापुढं पंचांग व डायरी. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर, पारनेर, संगमनेर अशा सगळ्या बाजूंनी गावोगावचे पंच येतात, या राहुटीतून त्या राहुटीत फिरतात, सुपारी ठरवतात, बयाणा देतात आणि यात्रेची तारीख पक्की करून गावाकडं परततात. महाराष्ट्रभर नारायणगावाला तमाशाची पंढरी म्हणतात ते या बाजारामुळं.

या बाजारातून हात हलवत परत येणारी गावंही असतात. मी आंबेगाव तालुक्याच्या पूर्व भागातला निवृत्त प्राथमिक शिक्षक. गावच्या यात्रा कमिटीचा हिशेब बरीच वर्षं माझ्याकडं होता, त्यामुळं पंचांबरोबर राहुट्यांमध्ये मीही बसलो आहे. मोठा फड आपल्या गावाला का येत नाही, हा प्रश्न मला गावातल्या तरुणांनी पुष्कळदा विचारला. ‘लहान गाव म्हणून आपल्याला कमी लेखतात,’ असं त्यांना वाटतं. मला ते पटत नाही. फड कुणाला कमी लेखून वाट बदलत नाही. त्याची वाट कशी ठरते, याला इतिहास आहे, आणि तो समजला तर तुटलेली वाट पुन्हा जोडताही येईल.

आधी नारायणगावच का, ते पाहू. गाव पुणे-नाशिक रस्त्यावर आहे. थोडं उत्तरेला आळे फाटा, तिथं कल्याण-नगर रस्ता आडवा येतो. एका बाजूला माळशेज घाटातून कल्याण-मुंबई, दुसऱ्या बाजूला नगर, पुढं संगमनेर-नाशिक, मागं पुणं. इथं मुक्काम ठेवला की चारी दिशांना गाड्या काढता येतात. दुसरं कारण माणसांचं. भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांचा फड इथलाच. भाऊंची मुलगी विठाबाई हिनं या गावाचं नाव दिल्लीपर्यंत नेलं. 1957 आणि 1990 साली तिला राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला. 15 जानेवारी 2002 रोजी ती गेली. आज तमाशातल्या जीवनगौरवासाठी राज्य सरकार जो पुरस्कार देतं, तो तिच्या नावाचा आहे. शेजारच्या शिरोलीचे दत्तोबा तांबे यांचाही फड याच जुन्नर तालुक्यातला. जिथं फडमालक, कलावंत, ढोलकीवाले आणि मॅनेजर एका हाकेवर सापडतात, तिथंच बाजार भरतो.

फडाचं वर्ष दसऱ्याला सुरू होतं आणि बुद्धपौर्णिमेच्या आसपास संपतं. पावसाळ्यात कलावंत घरी असतात. त्या दिवसांत मालकाकडून उचल घेतात, आणि मालक ती उचल द्यायला सावकाराकडं जातो. हंगाम सुरू होण्यापूर्वीच फड कर्जात असतो, ही गोष्ट ध्यानात घेतल्याशिवाय पुढचं काही समजत नाही. मोठ्या फडात कलावंत, वादक, आचारी, ड्रायव्हर, तंबूवाले धरून शंभराच्या घरात माणसं असतात. खेळ असो वा नसो, त्यांना दोन वेळा जेवू घालावंच लागतं. रिकामी गेलेली एक रात्र मालकाला फार महाग पडते.

पूर्वी ही रात्र रिकामी जाऊ नये म्हणून एक सोय होती. ती म्हणजे तंबू. यात्रेची सुपारी नसेल त्या दिवशी फड वाटेवरच्या एखाद्या गावात तंबू ठोकायचा आणि तिकिटावर खेळ करायचा. दुपारी कर्णा लावलेली जीप आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून फिरायची. संध्याकाळी बैलगाड्या सुटायच्या. तुकाराम खेडकर, काळू-बाळू कवलापूरकर, दत्ता महाडिक पुणेकर यांची नावं आमच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी होती ती त्यामुळंच. काळू-बाळूंचा ‘जहरी प्याला’ हा वग पाहायला माणसं कोसन्‌कोस चालत जात. गावानं कोणाला काही द्यायचं नव्हतं, ज्यानं त्यानं आपलं तिकीट काढायचं. जोखीम सगळी मालकाची. लहान गाव मोठ्या फडाच्या वाटेवर होतं ते या जोखमीच्या बळावर.

मग दूरदर्शन आलं, व्हिडिओ आला, पुढं केबल आणि मोबाइल. तिकीट काढून तंबूत बसणारी माणसं कमी झाली. तंबूचा खेळ रोज तोट्यात जाऊ लागला तसा मालक सुपारीच्या खेळावर टेकला. सुपारीत रक्कम आधी ठरते आणि ती गाव देतं. म्हणजे जोखीम मालकाकडून गावाकडं आली. लहान गावं वगळली जाण्याचं माझ्या मते हे मूळ कारण आहे. ज्या गावाला पट्टी गोळा करून ठरलेली रक्कम उभी करता येते, त्याच्याकडं फड येतो. ज्याला येत नाही, त्याच्या वेशीवरून गाड्या पुढं निघून जातात.

पट्टी कोणाला उभी करता येते, हे पाहायला आमच्या जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांचा नकाशा पुरेसा आहे. कुकडी प्रकल्पाची पाच धरणं, येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे, या दोन तालुक्यांत झाली. डिंभ्याच्या पाण्याखाली जुनं आंबेगाव गेलं, ज्याच्या नावानं तालुका ओळखला जातो ते गाव. पाणी कालव्यानं पूर्वेला आलं. पूर्वेला ऊस, कांदा, द्राक्षं, टोमॅटो झाले, साखर कारखाने उभे राहिले, हाती रोख पैसा खेळू लागला. पश्चिमेला, भीमाशंकरच्या आणि नाणेघाटाच्या अंगाला, भात आणि पाऊस तेवढा राहिला. धरणासाठी जमीन दिलेली माणसंही बहुतेक तिकडचीच. मोठा फड कालव्याच्या भागात ज्या सहजतेनं जातो, तसा तो डोंगरात जाताना मी पाहिलेला नाही. पाणी आणि सुपारी एकाच वाटेनं गेली.

दुसरा आधार मुंबईचा. खेड, आंबेगाव, जुन्नर आणि मावळची माणसं मुंबईत डबे पोचवतात, भाजीपाल्याच्या बाजारात, माथाडीत कामं करतात. आमच्या आधीच्या पिढीतली पुष्कळ माणसं गिरण्यांत होती. डबेवाल्यांची वार्षिक सुट्टी साधारण एप्रिलमध्ये असते आणि ती गावच्या यात्रेसाठीच असते. मुंबईकर मंडळींची पट्टी वेगळी लिहिली जायची, आणि बऱ्याच गावांत तमाशाची सुपारी तीच मंडळी उचलायची. 18 जानेवारी 1982 रोजी गिरणी संप सुरू झाला. तिकडं लालबागच्या हनुमान थिएटरसारख्या ठिकाणचा तमाशाचा प्रेक्षक पांगला, आणि इकडं गावच्या वहीतली मुंबईची पानं रोडावली. एका संपानं तमाशाचं शहरातलं घर आणि गावातला आधार दोन्ही मोडले.

तिसरं कारण पंचांगाचं, आणि ते मी राहुटीत जवळून पाहिलं आहे. आमच्याकडच्या ग्रामदैवतांच्या यात्रा तिथीवर चालतात. हनुमानाची चैत्र पौर्णिमा, भैरवनाथाची चैत्र वद्य अष्टमी. एकाच तिथीला कितीतरी गावांची यात्रा. फड मात्र एका रात्री एकाच गावात उभा राहू शकतो, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीचा खेळ असतो आणि तो झाल्याशिवाय गाव फडाला सोडत नाही. एकदा आम्ही अष्टमीची तारीख मागायला गेलो. मॅनेजरनं पैशाचा विषय काढलाच नाही. डायरीवर बोट ठेवून तो म्हणाला, “गुरुजी, आदल्या रात्री मी पार संगमनेरच्या पुढं आहे, दुसऱ्या रात्री शिरूरला. तुमचं गाव मधे बसतं का ते आधी बघू.” मग त्यानं विचारलं, रस्त्यावर पूल कसा आहे, लोडेड गाडी वळेल का, स्टेजला जागा किती, पाण्याचा टँकर कोण देणार. रकमेचं बोलणं शेवटी आलं. त्या वर्षी आमची तारीख बसली नाही. अष्टमी सोडून दुसरी एखादी तिथी मागितली असती तर कदाचित बसली असती.

जगातले मोठे वाद्यवृंद याच हिशेबानं फिरतात. जानेवारी 2025 मध्ये कोल्डप्ले हा बँड भारतात आला. नवी मुंबईत तीन खेळ, अहमदाबादेत दोन, बस. इतकं मोठं पुणं शहर, पण त्या दौऱ्यात त्याचं नाव नव्हतं. स्टेज उभं करायला लागणारे दिवस, मैदानाचा आकार, विमानतळ, एका जागी किती रात्री खेळ होतील, यावर ते ठरतं. नारायणगावच्या राहुटीतला मॅनेजर डायरीवर बोट ठेवून हाच हिशेब करतो.

चौथं कारण रात्रीचं. गण, गवळण, बतावणी, रंगबाजी झाली की मध्यरात्रीनंतर वग उभा राहायचा आणि उजाडेपर्यंत चालायचा. लांबच्या वाडीवरून आलेली माणसं अंधारात परतू शकत नव्हती, त्यामुळं पहाटेपर्यंत बसून राहायची. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 साली झाले, आणि 2005 साली सर्वोच्च न्यायालयानं रात्री 10 नंतरच्या ध्वनिवर्धकांविषयी कडक आदेश दिला. ठरावीक दिवसांपुरती 12 वाजेपर्यंत सवलत मिळते, तेवढीच. आजारी माणसाला, तान्ह्या लेकराला झोप मिळावी हे मला मान्य आहे. पण वगाला जागाच उरली नाही. गाण्यांवर नाच आणि थोडी बतावणी एवढंच होणार असेल, तर लहान गाव म्हणतं, ऑर्केस्ट्रा स्वस्तात येतो. त्या गावाला दोष कसा द्यावा?

त्यात बैलगाडा शर्यतींवर 7 मे 2014 रोजी बंदी आली. आमच्या भागातली यात्रा म्हणजे दिवसा शर्यतीच्या घाटात गाडा आणि रात्री तमाशा. दिवसाचा गाडा थांबला तशी रात्रीची गर्दीही ओसरली. डिसेंबर 2021 मध्ये शर्यतींना परवानगी मिळाली, मे 2023 मध्ये घटनापीठानं ती कायम केली. पण मधल्या काळात आणखी मोठा घाव बसला होता. 2020 सालचा गुढीपाडवा 25 मार्चला होता, देशभर टाळेबंदी सुरू झाली तोच दिवस. ज्या दिवसांत राहुट्यांमध्ये पाय ठेवायला जागा नसते, त्या दिवसांत रस्ता ओस होता. पुढच्या वर्षी पाडवा 13 एप्रिलला आला आणि 14 तारखेपासून राज्यात पुन्हा निर्बंध लागले. सलग दोन चैत्र बुडाले, पण सावकाराचं व्याज थांबलं नाही.

यातल्या पुष्कळ गोष्टी आपल्या हातातल्या नाहीत. गिरण्या परत येणार नाहीत, तंबूचं तिकीटही बहुधा परत येणार नाही. पण तारीख आणि पट्टी या दोन गोष्टी गावांच्या हातात आहेत. एकमेकांच्या शिवेला लागून असलेल्या तीन-चार लहान गावांनी एकत्र बसावं. देवाची पालखी, छबिना, नैवेद्य तिथीलाच होऊ द्या, त्यात कोणी हात घालू नये. तमाशाची रात्र मात्र मागंपुढं करा. एका गावानं अष्टमी घ्यावी, दुसऱ्यानं नवमी, तिसऱ्यानं दशमी, आणि एकाच फडाला सलग तीन रात्रींचा बयाणा एकदम द्यावा. गाड्यांचं डिझेल वाचेल, फडाला रिकामी रात्र राहणार नाही, आणि एकट्या गावाला न झेपणारी सुपारी तिघांना झेपेल. खेळ संध्याकाळी लवकर सुरू करा, म्हणजे वगालाही वेळ मिळेल. हजेरीच्या वेळी कलावंतांना सावली, पाणी आणि मानानं जेवण द्या. ज्या गावात मान मिळाला, त्या गावाची तारीख मॅनेजर आपणहून राखून ठेवतो, हे मी पाहिलं आहे.

जुन्नर-आंबेगावच्या पंचांना माझं एवढंच सांगणं आहे. येत्या पाडव्याला नारायणगावला एकेकटे जाऊ नका. शेजारच्या गावाला बरोबर घेऊन जा.