सर्किट डिझाइन इंजिनीअर : आराखड्यामागची जबाबदारी

एलईडी दिवा दोन वर्षांत बंद पडला, की ग्राहक दिव्यालाच दोष देतो. अनेकदा मात्र प्रकाश देणारा भाग शाबूत असतो. बिघडलेले असते ते त्याला वीज पुरविणारे सर्किट. त्या सर्किटमध्ये कोणता घटक, किती क्षमतेचा आणि कोठे बसवायचा, हे इलेक्ट्रॉनिक सर्किट डिझाइन इंजिनीअर ठरवितो. या निर्णयांची अंतिम जबाबदारी ज्येष्ठ इंजिनीअरची असते.

कामाचे स्वरूप

उत्पादनाकडून असलेल्या अपेक्षा आकड्यांत मांडणे, ही पहिली पायरी. त्यानंतर सर्किटचा आराखडा तयार होतो आणि संगणकावर त्याचे सिम्युलेशन केले जाते. यासाठी पायाभूत ठरलेली 'स्पाइस' ही प्रणाली अमेरिकेतील बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात विकसित झाली आणि १९७३ मध्ये सादर करण्यात आली. पुढे पीसीबीची आखणी, नमुना बोर्ड आणि प्रयोगशाळेतील चाचण्या, असा क्रम असतो.

नवखा इंजिनीअर सर्किट चालते का, हे पाहतो. ज्येष्ठ इंजिनीअर ते कोणत्या परिस्थितीत बंद पडेल, हे शोधतो. एक हजार ओहमचा, पाच टक्के टॉलरन्सचा रेझिस्टर प्रत्यक्षात ९५० ते १०५० ओहमच्या दरम्यान कोठेही असू शकतो. सर्व घटक एकाच वेळी प्रतिकूल टोकाला गेले तरी सर्किट चालले पाहिजे, असा हिशेब त्याला करावा लागतो.

तापमानाचे गणित

इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर हे याचे ठळक उदाहरण. तापमान दहा अंश सेल्सिअसने वाढले, की त्याचे आयुष्य साधारणपणे निम्मे होते, असा ठोकताळा आहे. १०५ अंशांना २००० तासांची हमी असलेला कपॅसिटर ६५ अंशांना सुमारे ३२ हजार तास, म्हणजे साडेतीन वर्षांहून थोडे अधिक टिकतो. बंदिस्त खोक्यात तापमान ७५ अंशांवर गेले, तर हा काळ दोन वर्षांच्याही आत येतो. विदर्भातील उन्हाळ्यात छपराखाली बसविल्या जाणाऱ्या उपकरणाचा विचार म्हणूनच आराखड्याच्या वेळीच करावा लागतो.

एका ट्रान्झिस्टरची किंमत

छोट्या चुकीचे मोल किती मोठे असू शकते, हे २०११ च्या जानेवारीत दिसले. इंटेलच्या सहाव्या मालिकेतील चिपसेटमध्ये एका ट्रान्झिस्टरवर गरजेपेक्षा अधिक व्होल्टेज येत असल्याने काही साटा पोर्ट कालांतराने क्षीण होण्याची शक्यता होती. कंपनीने पुरवठा थांबविला. दुरुस्ती व बदलीचा अंदाजित खर्च ७० कोटी डॉलर होता. सुरुवातीच्या चाचण्यांत न दिसणारे असे दोष हेरण्यासाठीच सहकाऱ्यांसमोर आराखड्याची कसून तपासणी, म्हणजे 'डिझाइन रिव्ह्यू', केली जाते.

शिक्षण आणि अनुभव

इलेक्ट्रॉनिक्स किंवा इलेक्ट्रिकल शाखेची पदवी ही या क्षेत्रातील नेहमीची वाट. 'गेट' परीक्षेद्वारे एम.टेक.ला प्रवेश घेता येतो. मुंबईत आयआयटी व व्हीजेटीआय, पुण्यात सीओईपी आणि नागपुरात व्हीएनआयटी येथे या विषयांचे शिक्षण मिळते. मात्र पदवीमुळे ज्येष्ठता येत नाही. आपलाच नमुना का जळाला, याचे कारण मुळापर्यंत शोधण्याची आणि ते सहकाऱ्यांसमोर स्पष्टपणे मांडण्याची सवय त्यासाठी लागते.