मिलेटसचा नागरिक आणि धेनुकाकटचा यवन

प्रबंधाचा विषय सांगितला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "म्हणजे ग्रीक लोक मुंबईत आले होते?" थोडक्यात उत्तर द्यायचं तर, मुंबई तेव्हा नव्हती, पण त्यांची जहाजं इथल्या पाण्यात येत होती. खरी गंमत त्याच्या पुढे आहे.

आधी ट्रॉम्बेच्या जेट्टीवर उभे राहा. दक्षिणेला घारापुरी दिसते, उत्तरेला ठाण्याची खाडी आत शिरते. कल्याणला जाण्याच्या दोन जलमार्गांपैकी एक वसईकडून जातो आणि दुसरा हा, तुमच्या समोरचा. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषक व्यापाऱ्यानं लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये कल्याणचं नाव 'कल्लिएना' असं येतं. तो सांगतो, की पूर्वी तिथे रीतसर व्यापार चालायचा. पुढे सत्ता बदलली आणि चुकून तिथे शिरलेल्या ग्रीक जहाजांना पहाऱ्यात भडोचला नेऊ लागले.

हे झाले येऊन-जाऊन असणारे ग्रीक. मग 'यवन' कोण?

हा शब्द आला 'आयोनिया'वरून. आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावर आयोनियन ग्रीकांच्या बारा नगरांचा संघ होता. त्यात मिलेटस फार मोठं, थेलीससारख्या विचारवंताचं गाव. तेव्हा 'ग्रीस' नावाचं एक राज्य नव्हतंच. प्रत्येक नगर म्हणजे स्वतंत्र राज्य, स्वतःचे कायदे, स्वतःचं सैन्य. म्हणून परदेशी गेलेला ग्रीक माणूस ओळख सांगताना बहुतेक वेळा स्वतःचं नाव, बापाचं नाव आणि नगर सांगायचा. 'मी मिलेटसचा' एवढं म्हटलं की झालं.

पण शेजारच्या इराण्यांना या नगरांतले फरक कशाला हवेत? त्यांनी सगळ्यांना मिळून 'यौन' म्हटलं. इसवी सनापूर्वी ४९९ मध्ये मिलेटसच्या पुढाकारानं आयोनियानं इराणविरुद्ध बंड केलं. ४९४ मध्ये इराण्यांनी मिलेटस जिंकून उद्ध्वस्त केलं. नगर पडलं, पण शब्द पूर्वेकडे चालत राहिला: संस्कृतात 'यवन', प्राकृतात 'योन'. अशोकाच्या शिलालेखांतही 'योन' आहेत.

आता कार्ल्याला चला. मळवली स्टेशनवरून वर चढलात की चैत्यगृह लागतं. आतले खांब वेगवेगळ्या दात्यांनी दिलेले आहेत आणि त्यांवर ब्राह्मी लिपीत, प्राकृतात, नावं कोरलेली आहेत. त्यांत धेनुकाकट नावाच्या गावचे कित्येक यवन आहेत. एकाचं नाव सिहधय, म्हणजे सिंहध्वज. दुसऱ्याचं धम्म. नावं इथली, भाषा इथली, दान बौद्ध संघाला.

इथे माझं काम सुरू होतं. फक्त यवनांचे लेख वेगळे काढून वाचले, तर 'परदेशी लोकांनी दान दिलं' एवढंच हाती लागतं. पण त्याच गावच्या बाकीच्या दात्यांचे लेख शेजारी ठेवून बघा. धेनुकाकटचा गंधिक, म्हणजे अत्तरं-सुगंधी द्रव्यं विकणारा, सिंहदत्त. धेनुकाकटचा वढकी, म्हणजे सुतार, सामी. आणि धेनुकाकटचा यवन सिहधय. साचा एकच: गाव, ओळख, नाव. सुताराच्या नावाआधी त्याचा धंदा येतो, त्याच जागी इथे 'यवन' येतं.

म्हणजे मिलेटसचा माणूस नगर सांगून ग्रीक ठरायचा. कार्ल्याचा माणूसही नगर सांगतो, पण ते नगर धेनुकाकट आहे. त्याच्या रक्तात किती आयोनिया होता, हे खांब सांगत नाही. पश्चिमेकडून आलेल्या इतरांनाही हा शब्द लागत असे. पण तो स्वतःला कुठला समजत होता, हे मात्र खांब स्वच्छ सांगतो.

हे एवढं महत्त्वाचं का? कारण पुढे मराठीत 'यवन' म्हणजे परका, परधर्मी, विशेषतः मुसलमान, असा अर्थ रुळला. तो नंतरचा अर्थ डोक्यात ठेवून आपण दोन हजार वर्षांपूर्वीचा खांब वाचतो आणि तिथे नसलेला परका माणूस उभा करतो. ज्यानं तो लेख कोरवून घेतला, त्यानं 'यवन' हा शब्द कसलाही संकोच न बाळगता स्वतःच लावला होता, आणि त्याच्या आधी गावाचं नाव घातलं होतं.

कार्ल्याला गेलात तर स्तूपाचा फोटो जरूर काढा. पण खांबांवरची अक्षरंही थांबून बघा.